भांगाचे सात दिवस

धरमतरच्या खाडीला लागून अलिबाग आणि पेण या तालुक्यांत जी खारपट्टी पसरली आहे, तिच्यातील एका गावच्या बांधावर मी गेल्या आषाढात उभा होतो, आणि सारा गाव ज्यांना तात्या म्हणतो असे सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी माझ्या सोबतीला होते. भरती पुरी व्हायला अद्याप घटकाभर अवकाश होता. डाव्या हातास खाडीचे गढूळ पाणी बांधाच्या छातीशी येऊन टेकलेले, उजव्या हातास त्या पाण्याच्या पातळीहून चांगले कमरभर खाली कोवळे भात वाऱ्यावर हलत असलेले, आणि या दोहोंच्या मध्ये काय, तर दगडाचे अस्तर कोठे आहे, कोठे नाही, असा चिखलाचा एक वरंबा. चालता चालता तात्या थांबले, वाकले, आणि बांधाच्या अंगावरील एका छिद्रात त्यांनी अंगठा खुपसून पाहिला. ते खेकड्याचे बीळ होते. आज यात अंगठा जातो, पौर्णिमेला मनगट जाईल, आणि दुसऱ्या दिवशी बैल जाईल, असे ते जे म्हणाले त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती, हे मला पुढे कळले. त्यांनी मूठभर चिखल उचलला, त्यात पेंढ्याच्या काड्या मळल्या, बीळ बुजवले, वर टाच दाबली, आणि नातवाच्या शाळेविषयी चाललेले बोलणे जेथे सोडले होते तेथूनच पुन्हा धरले.

खारीतल्या माणसाची कालगणना तुमच्या-आमच्या कालगणनेहून निराळी आहे. तिथीला तिनाने गुणून चाराने भागले म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ निघते, हा ठोकताळा तेथील पोराटोरांनाही पाठ असतो: अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे दोनतीन दिवस पाण्याला जो जोर येतो ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास पाणी धड चढतही नाही नि धड उतरतही नाही तो भांग. उधाण आणि भांग यांच्या या पंधरवड्याच्या हेलकाव्यावर त्या मुलखातील सारे कामकाज टांगलेले असते. लग्नाची तिथी काढतानाही भटजींच्या पंचांगाआधी खाडीचे पंचांग पाहिले जाते, असे तात्या थट्टेने म्हणाले, पण त्या थट्टेत तथ्यांश किती आणि विनोद किती, याचा निर्णय मला करता आला नाही.

बांध फुटून पाणी आत शिरते त्या जागेस खांड म्हणतात. खांड पडते उधाणात आणि ती बुजवायची असते भांगात, कारण पाण्याचा नेट कमी झाल्याखेरीज तिच्यात पाय ठरत नाही. एक उधाण ओसरल्यापासून दुसरे चढेपर्यंत माणसाच्या हाती जेमतेम सात दिवस राहतात. या सात दिवसांत खांड बुजली तर गावाने ती बुजवली; न बुजली तर पुढच्या उधाणाला ती दुप्पट रुंद होते, पाण्याच्या जाण्यायेण्याने तिचा तळ खरवडून तेथे डोह पडतो, आणि मग प्रकरण गावाच्या मनुष्यबळाच्या आवाक्यातून निघून यंत्रे, दगड, मक्तेदार आणि अंदाजपत्रके यांच्या प्रांतात जाते. आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने ते वर्ष तर बुडतेच, पण मृग आणि आर्द्रा या नक्षत्रांच्या पावसाने मातीतील मीठ धुऊन काढण्याची जी वार्षिक तपश्चर्या शेतकरी करीत असतो, ती पुढे दोनतीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणाविषयी जे अहवाल गेल्या काही वर्षांत माझ्या वाचनात आले, त्यांत नेतृत्व, समन्वय, सहभाग आणि नियोजन या शब्दांची रेलचेल होती. भांगाच्या सात दिवसांचा उल्लेख मात्र मला एकातही आढळला नाही. माझी सारी तक्रार त्या सात दिवसांपुरतीच आहे.

खांड बुजवण्याची रीत तात्यांनी मला बांधावर बसून काटकीने आखून दाखवली. प्रथम खांडीच्या दोन्ही तुटक्या कडा पेंढ्याच्या मोळ्या आणि मेढी ठोकून आवरायच्या, म्हणजे ती आणखी रुंदावत नाही. मग ऐन मुखात भराव घालण्याच्या भरीस पडायचे नाही, कारण तेथे डोह झालेला असतो आणि त्यात टाकलेला चिखल रात्रीतून नाहीसा होतो. आतल्या अंगाला, जेथे जमीन अद्याप टणक आहे, तेथून अर्धचंद्राकार वळसा घालून नवा बांध न्यायचा. एक थर चिखलाचा, एक पेंढ्याचा, पुन्हा चिखलाचा. ओहोटी लागल्यापासून भरती फिरेपर्यंत सहा तास. तेवढ्यात शेपन्नास माणसांची रांग उभी करून चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे. आणि या रांगेच्या बाजूला, चिखलाला हात न लावता, एक माणूस उभा असतो. तो फक्त पाण्याकडे पाहत असतो. पाणी फिरले की ‘वर या’ म्हणणे एवढेच त्याचे काम, आणि त्याने तसे म्हटल्यावर हातातला गोळा ठेवायचाही अवधी न घेता सर्वांनी वर यायचे, हा तेथील कायदा. तो माणूस गावचा पाटील असेलच असे नाही, धनवान असेल असे तर मुळीच नाही. तो पाण्याचा जाणता असतो, आणि त्याच्या शब्दाला मान असतो तो तेवढ्या सहा तासांपुरता. नेतृत्वाची याहून आटोपशीर व्याख्या मला तरी अन्यत्र मिळालेली नाही.

ज्या खारीत ज्यांच्या जमिनी, त्या सर्वांचा मिळून एक संघ, त्याला या भागात जोळ म्हणतात. जोळाचा हिशेब सरळ असे. ज्याची जेवढी जमीन, तेवढी त्याची माणसे बांधावर. न आला त्यास दंड. ज्याची शेते बांधाला चिकटून त्याच्यावर भार अधिक, आणि ज्याची खारीच्या ऐन पोटात, म्हणजे वरवर पाहता सर्वांत निर्धास्त, त्याच्यावर कमी, असा भेद त्यात केलेला नव्हता. कारण खाऱ्या पाण्याला सातबारा वाचता येत नाही. ते कोणाच्याही बांधातून शिरले तरी सर्वांच्या ताटात येते. पाणी आत येऊ न देणे जितके महत्त्वाचे तितकेच पावसाचे गोडे पाणी बाहेर काढणेही महत्त्वाचे, आणि त्यासाठी बांधाच्या पोटात ज्या झडपांच्या मोऱ्या असतात, त्या उघाड्यांची राखणही जोळाकडेच असे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने ती आपोआप मिटते. झडपेत एखादे लाकूड अडकले की सारे शास्त्र फसते, म्हणून उधाणाच्या रात्री कंदील घेऊन उघाडीवर बसणे ही एक पाळी होती, आणि ती चुकवणाऱ्याच्या घरी पुढे कोणी सोयरीक करीत नसे.

हे सारे पुरातन आणि म्हणून पवित्र होते, असा समज करून देण्याचा माझा उद्देश नाही. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात खारजमिनींच्या वहिवाटींचे वर्णन आहे. त्यात शिलोत्री नावाचा जो प्रकार सांगितला आहे, त्यात कुळाने बिघ्यामागे मणभर भात शिलोत्रीदारास द्यावयाचे आणि त्या मोबदल्यात बाहेरचा बांध त्याने राखावयाचा, असा करार होता. मराठेशाहीतही खाजण बांधून लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याचा कौल मिळे, म्हणजे आरंभीची काही वर्षे साऱ्याची माफी आणि पुढे पायरीपायरीने चढता सारा. सरकारने धीर धरावा, बांधणाऱ्याने श्रम करावे, आणि जमीन पिकू लागल्यावर दोघांनी खावे, हा त्यातील व्यवहार होता, आणि आजच्या भाषेत ज्याला भागीदारी म्हणतात ती याहून फारशी निराळी नसावी. पण बांध राखण्याचा मण घेणारा हात हळूहळू बांध विसरतो आणि मण मात्र विसरत नाही, हाही इतिहास याच मातीतला आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा जो संप पुकारला आणि पंचवीस गावांनी १९३९ पर्यंत जो तडीस नेला, तो याच खारपट्टीतील खोतीविरुद्धचा होता. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पोटासाठी करंजाचा पाला आणि सरपण विकून दिवस काढू पण खोताच्या शेतात पाय ठेवणार नाही, असा हट्ट सहा पावसाळे धरणारी माणसे संघटनेच्या बाबतीत कोणाकडून धडे घेण्यासारखी नव्हती, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक झाला, आणि त्याबरोबरच एक विलक्षण पेच उत्पन्न झाला. खोताचा जुलूम गेला, तसा बांधाच्या दुरुस्तीसाठी ज्याच्या दारात जाऊन ओरडा करता येत असे असा एक धनीही गेला. सरकारला याची कल्पना नव्हती असे नव्हे. १९४८ सालीच मुंबई इलाख्यात खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा होऊन मंडळ स्थापन झालेले होते, आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने बांधबंदिस्तीचा भार बहुतांशी सरकारी खात्याच्या शिरावर आला. कोकणात आज खारभूमीच्या ५७५ योजना मोजल्या जातात आणि त्यांखाली सुमारे ४९ हजार हेक्टर क्षेत्र येते. सरकारने बांधलेले बांध उंच झाले, त्यांना दगडाचे अस्तर लाभले, उघाड्या सिमेंटच्या झाल्या. पनवेलच्या संशोधन केंद्राने खारपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती काढून दिल्या. हे उपकार लहान नाहीत, आणि गावाच्या सामर्थ्याबाहेरचे काम सरकारने केले हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि बांध सरकारी झाला, आणि जोळ ओसरला. आपला नव्हे तो बांध कोण राखणार? खेकड्याचे बीळ दिसले तर पूर्वी टाच दाबली जाई, आता अर्ज केला जातो. शिवाय ज्यांनी यावयाचे ते गावात आहेत कोठे? तरणी पोरे कारखान्यांत नि पनवेल-मुंबईत, आणि खारीतील कित्येक तुकडे अशा खरेदीदारांच्या नावे चढलेले की ज्यांनी आपली जमीन भरतीच्या वेळी कशी दिसते हे कधी पाहिलेले नाही. उधाणाच्या रात्री जोळाने हाक मारावी ती कोणाला?

एका तालुक्याच्या कचेरीत एका खांडीचे दफ्तर मला पाहावयास मिळाले. तेथील साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि कागद लपवले नाहीत. श्रावणातील उधाणाला खांड पडल्याचा ग्रामस्थांचा अर्ज, तलाठ्याचा पंचनामा, स्थळपाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरीसाठी वर पाठवलेले पत्र, ‘सदर बाब चालू वर्षाच्या तरतुदीत समाविष्ट आहे काय, याचा खुलासा व्हावा’ अशी वरून आलेली पृच्छा, खुलासा, प्रशासकीय मान्यता, निविदा, आणि माघ महिन्यात निघालेला कार्यारंभाचा आदेश. एकाही कागदावर कोणी कसूर केलेली नव्हती. प्रत्येक शेरा नेमस्त, प्रत्येक सही मुदतीत. फक्त श्रावणातल्या ज्या खांडीचे माप घेऊन अंदाजपत्रक केले, ती माघापर्यंत तिप्पट झालेली होती, म्हणून मक्तेदाराने काम सुरू करण्याऐवजी सुधारित दराची दरखास्त केली, आणि ते दफ्तर पुन्हा पहिल्या पानावर आले. साहेबांचे म्हणणे असे पडले की वर मंजुरी न मागता चार ट्रक मुरूम टाकण्याची मुभा त्यांना असती, तर हे दफ्तर उघडलेच गेले नसते. खाडीचा हिशेब तिथीने चालतो आणि खजिन्याचा मार्चअखेरीने; या दोन पंचांगांचा मेळ घालणारा ज्योतिषी अद्याप कोणत्याही संवर्गात नेमला गेलेला नाही.

खांड उघडी राहिली म्हणजे पाण्याबरोबर तिवरांचे बी आत येते. पाचसात वर्षांत, जेथे भात होते तेथे कांदळवन उभे राहते, आणि ज्याचे ते शेत तो सातबारा हातात घेऊन त्या वनाकडे पाहत राहतो. कारण आता तेथे कोयता लावणे हा गुन्हा आहे. १९९१ पासूनचे किनारा नियमनाचे हुकूम, मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुढे सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनाच्या तोडीस घातलेली बंदी, वनाभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा, हे सारे योग्य कारणांसाठी झालेले आहे. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरांची दाट रांग असली की लाटेचा मार अर्ध्यावर येतो, हे खारीतल्या म्हाताऱ्याला न्यायालयाच्या आधीपासून ठाऊक होते. आपल्या बांधासमोरची तिवरे तोडणाऱ्यालाही पूर्वी जोळाचा दंड बसे, असे तात्या सांगतात. एकच झाड बांधाबाहेर रक्षक आणि बांधाच्या आत, खांडीच्या वाटेने आलेले, जप्तीचा बेलिफ. कायद्याने झाड पाहिले, ते कोणत्या बाजूस उभे आहे हे पाहिले नाही, असे म्हणावेसे वाटते. पण लगेच हेही मनात येते की ती बाजू पाहण्याची सवलत एकदा दिली, तर खांड मुद्दाम पाडणारे आणि तिवर मुद्दाम तोडणारे असे दोन्ही प्रकारचे हुशार लोक दुसऱ्याच दिवशी नकाशे घेऊन हजर होतील. या प्रश्नाला माझ्यापाशी स्वच्छ उत्तर नाही. खांड सात दिवसांत बुजली असती तर तो उद्भवलाच नसता, एवढेच मला दिसते.

दक्षिणेस गोमंतकात हीच कथा दुसऱ्या पोशाखात भेटते. तेथे खारीला खाजन म्हणतात, उघाडीला मानस आणि आतल्या खाडीवजा चराला पोंय. मांडवी-जुवारीच्या काठांनी अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे, आणि तिची प्राचीनता कागदोपत्री नव्हे, तांब्यावर नोंदलेली आहे: बांदिवडे येथे सापडलेल्या, मौर्य अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात खज्जन जमिनीचे दान आहे, आणि समुद्राचे खारे पाणी अडवण्यासाठी बांध घालून ती लागवडीस आणावी असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या सनदेतही दान नुसत्या जमिनीचे नव्हते, बांध घालण्याच्या कर्तव्याचेही होते. गावकरी या संस्थेने हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालवले. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात तिच्या वहिवाटी लिहून घेतल्या आणि शहाणपणाने फारशा मोडल्या नाहीत. गावकरीच्या उत्पन्नातून वंशपरंपरेने मिळणाऱ्या वाट्याला तेथे जोण म्हणतात. रायगडातील जोळ आणि गोव्यातील जोण या शब्दांचे ध्वनिसाम्य पाहून व्युत्पत्ती काढण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. एकात श्रमाची मोजणी आहे, दुसऱ्यात लाभाची.

गोव्याच्या व्यवस्थेत मला सर्वांत कौतुकास्पद वाटली ती मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, आणि सर्वांत उद्बोधक वाटला तो तिचाच ऱ्हास. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी आणि सुंगटे धरण्याचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जाई आणि ते पैसे बांधाच्या डागडुजीकडे जात. बांध आपला खर्च आपण मिळवी. जोवर भाताला मोल होते तोवर मानस भाताच्या वेळापत्रकाने उघडे आणि मिटे. १९६४ च्या कूळवहिवाट कायद्यानंतर बांधांचा कारभार कुळांच्या संघांकडे गेला, शेती आतबट्ट्याची झाली आणि सुंगटांचा भाव चढत गेला, तेव्हा लिलाव घेणाऱ्यास मानस भरतीला उघडे ठेवण्यात फायदा दिसू लागला: जितके खारे पाणी आत, तितकी मासळी जाळ्यात. खारपणा सोसणारे कोरगुट भातही अखेर मिठागरात उगवत नाही. कित्येक ठिकाणी खाजने पडीक झाली ती समुद्राच्या आक्रमणाने नव्हे, आपल्याच माणसाने आपलेच दार आतून उघडल्याने. यात दोष लिलावाचा नव्हता. लिलावाची रक्कम आणि झडपेची दोरी ही दोन निरनिराळ्या हातांत असली पाहिजेत हा जो त्यातील सूक्ष्म विवेक होता, तो कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आला नाही.

हॉलंडातील लोकांचा दाखला अशा लेखात येणे जवळजवळ सक्तीचे असते, म्हणून तो एका गोष्टीपुरता देतो. तेथे मध्ययुगात अशी रूढी होती की ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपेनासे होई, त्याने आपली फावडी बांधात रोवून निघून जावे; जो कोणी ती उपसून घेईल, त्याची ती जमीन आणि त्याचा तो बांध. क्रूर रूढी होती यात संशय नाही. परंतु बांध कोणाचा, हा प्रश्न तीत एक रात्रही अनुत्तरित राहत नसे.

आपल्याकडे हा प्रश्न आता मोठ्या अंगाने विचारला जाऊ लागला आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी भर दुपारी श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने सुपारीच्या आणि नारळाच्या बागा लोळवून गेले; पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले. जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोवा आले, आणि त्यातून अलिबागेत विजेच्या तारा भूमिगत करणे, खारबंधारे बांधणे अशी कामे निघाली. हरित हवामान निधीच्या ४ कोटी ३४ लाख डॉलरांच्या अनुदानातून आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या किनारी लोकांसाठी एक योजना २०१८ साली मंजूर झाली. आपल्याकडे तिचे काम २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाने अंगावर घेतले. सिंधुदुर्गात खेकडेपालन आणि कालवांची शेती पाहिली, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना तिवरांची ओळख करून देतात तेही पाहिले. त्या बायांना झाडांची शास्त्रीय नावे तोंडपाठ होती, आणि ओहोटी किती वाजता लागणार हे विचारल्यावर त्यांनी घड्याळाकडे नव्हे, पाण्याकडे पाहिले. जगाच्या समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर वर आली असे शास्त्रज्ञ सांगतात. आपल्या हिशेबी ती वीतभराहून किंचित कमी भरेल. बांधाचा माथा मोठ्या भरतीच्या वर जेमतेम दीडदोन हात असतो. त्यातील वीत गेली.

या निमित्ताने जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या एका समन्वय बैठकीस मला निमंत्रण होते, आणि माझ्या आग्रहावरून तात्या आणि त्यांच्या गावचे आणखी दोघे आले होते. दालन थंडगार होते. मेजाभोवती महसूल, खारभूमी, वन, मत्स्यव्यवसाय, बंदरे, कृषी आणि वीज अशी सात खाती बसली होती, आणि पडद्यावर संपूर्ण खाडीचा नकाशा रंगवून दाखवला गेला. तो खरोखर उत्तम होता. नेतृत्व कोणी करावयाचे याविषयी कायद्याला संदेह नाही: २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पण जिल्हाधिकारी दोनतीन वर्षांनी बदलतात, आणि बांधाची ओळख व्हायला एक पावसाळा, भरवसा बसायला दुसरा, आणि ‘वर या’ म्हटल्यावर लोकांनी वर यावे एवढा अधिकार यायला तिसरा लागतो. दोन तासांत अनेक सूचना झाल्या. त्यांतल्या काही चांगल्या होत्या: उघाड्यांची यादी करावी, तिवरे बांधाच्या बाहेर लावावी, गावोगाव समित्या नेमाव्या. एका तरुण अधिकाऱ्याने अशी सूचना केली की प्रत्येक खारीपाशी पेंढा, मेढी आणि मुरमाचा साठा पावसाळ्यापूर्वीच ठेवून त्याचा विनियोग करण्याचा अधिकार गावच्या समितीला लेखी द्यावा, आणि हिशेब मागाहून घ्यावा. क्षणभर सर्वांनी त्याच्याकडे पाहिले. लेखापरीक्षणाचा मुद्दा निघाला, आणि सूचना ‘विचाराधीन’ या सदरात टिपली गेली.

शेवटी अध्यक्षांनी तात्यांना बोलावयास सांगितले. तात्या उठले, टोपी नीट केली, आणि गेल्या वर्षीची खांड अजून उघडी आहे, येत्या भांगात माणसे पाठवा, आमचीही येतील, एवढे सांगून खाली बसले. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात घेण्यात आले. मग पुढील बैठकीची तारीख ठरली. ती सर्वांच्या सोयीची निघेना म्हणून बराच वेळ डायऱ्या चाळल्या गेल्या, आणि अखेर एक दिवस सर्व खात्यांना मानवला. आम्ही जिना उतरत असता तात्यांनी ती तारीख मला पुन्हा विचारली, बोटांवर काहीतरी मोजले, आणि त्या दिवशी आपल्याला येता यायचे नाही असे सांगितले. अमावास्या होती. गावातले जे कोणी राहिले आहेत ते सगळे बांधावर असणार होते.